'अवलिया' : एका शब्दाची ओढाताण

चारचौघांहून निराळ्या वळणाच्या माणसासाठीं आमच्या भाषेंत शब्दांची वाण नाहीं. तऱ्हेवाईक, विक्षिप्त, लहरी, वल्ली, अवलिया हे सारे एकाच कुळांतले वाटतात. परंतु त्यांचा मान सारखा नाहीं. 'तऱ्हेवाईक' म्हणतांना बोलणाराच्या कपाळावर बारीकशी आठी असते. 'विक्षिप्त' हा शब्द मूळचा योगशास्त्रांतला. तेथें चित्ताच्या पांच भूमींपैकीं एकीचें तें नांव आहे, व अशा चित्तास अधूनमधून स्थैर्यहि लाभतें. मराठींत येऊन बिचारा शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय झाला! 'वल्ली'मध्यें मात्र कौतुक आहे; म्हणूनच १९६२ सालीं पु. ल. देशपांडे यांनीं 'व्यक्ती' ह्या कोरड्या शब्दाशेजारीं तो आणून बसविला, तेव्हां पुस्तकाचें निम्में काम नांवानेंच केलें.

'अवलिया'ची गोष्ट याहून वेगळी. अरबींत 'वली' म्हणजे ईश्वराचा सखा, आणि 'औलिया' हें त्याचें अनेकवचन. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या नांवांत तें आदरार्थी आलेलें दिसतें. मराठीनें त्याचें एकवचन करून टाकलें, पण एक अट कायम ठेविली : ज्याच्या विचित्र वागण्यामागें स्वार्थाचा लवलेश नाहीं, तोच अवलिया. दाढी वाढविल्यानें किंवा दिलेली वेळ न पाळल्यानें हा अधिकार मिळत नाहीं. आणि जो स्वतःस अवलिया म्हणवूं लागला, तो खचित नव्हे.

अलीकडील समीक्षेंत व मृत्युलेखांत हा शब्द प्रसादासारखा वांटला जातो. अरुण कोलटकरांचेंच पाहावें. ते प्रसिद्धीपासून दूर राहिले, म्हणून अवलिया ठरले. पण हा कवि जाहिरातीच्या धंद्यांत वर्षानुवर्षें कलादिग्दर्शक म्हणून वावरलेला. कागदावरील जागेची किंमत पुरती जाणणारा. १९७७ सालच्या पहिल्या मराठी संग्रहानंतर पुढचे संग्रह यावयास पाव शतक लागलें. ह्यास बेफिकिरी म्हणावयाचें, कीं स्वतःच्याच कवितेविषयीं कठोरपणा? देशोदेशींच्या व युगायुगांच्या स्त्रियांचें दुःख एका सूत्रांत ओवणारी 'भिजकी वही' ज्यानें वाचली, त्याला उत्तर शोधावें लागूं नये; लहरीवर इतकी मोठी बांधणी उभी राहत नाहीं. परंतु एकदां 'अवलिया' म्हटलें, कीं टीकाकाराचें वाचण्याचें श्रम वांचतात. अमुक कविता अमुक ओळीवरच कां थांबली, हें मग कोणी विचारीत नाहीं.