तृतीयपंथी उमेदवार, मैदानी चाचणी आणि न्याय्यता : एक चिकित्सा

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र पर्याय देण्याचे मुंबई उच्च न्यायालयापुढे मान्य केले. पुरुषांना 1600 आणि स्त्रियांना 800 मीटर धाव असताना यांनी किती धावावे, हा प्रश्न अनेकांनी थट्टेवारी नेला. वस्तुतः तो गंभीर आहे.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने 2023 मध्ये पुरुषी यौवनावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील महिला गटातून वगळले. तेथे वेगच निर्णायक असतो. पोलिसाची धाव ही कार्यक्षमतेची कसोटी. तिला तोच न्याय लावणे सदोष होय. मात्र तिचे गुण निवड यादीत धरले जातात, आणि रत्नागिरीत पहाटे सराव करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींची जागा एका गुणानेही हुकू शकते. त्यांची शंका द्वेषमूलक म्हणता येणार नाही. दोष गुणदानात आहे. धाव केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड लेखी परीक्षेवर करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.