सिडनी सिम्फनीचे 2024 साल : मार्चमध्ये शोनबर्ग, नोव्हेंबरात वाग्नर



सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या 2024 सालच्या कार्यक्रमांची पुस्तिका बहुतेक वर्गणीदारांच्या घरी पोहोचली होती. आपल्यापैकी जी मंडळी जुनी वर्गणीदार आहेत त्यांना त्या वर्षाचा फॉर्म भरायचा होता, आणि काय घ्यावे व काय सोडावे असे काहींनी आम्हांस विचारले होते. एरवी हा प्रश्न साधा असतो. ज्याला बेथोवन आवडतो त्याने बेथोवन घ्यावा, ज्याला गुडघे त्रास देतात त्याने दुपारचे कार्यक्रम घ्यावेत, झाले. 2024 या एकाच वर्षात मात्र दोन कार्यक्रम असे होते की ज्यांच्याविषयी ज्यू माणसाला नुसते 'संगीत चांगले आहे' एवढ्यावर निर्णय करता येत नाही. मार्चमध्ये आर्नोल्ड शोनबर्गचे 'गुरेलीडर' होते आणि नोव्हेंबरात रिचर्ड वाग्नरचे 'दी वाल्क्यूरे'. दोन्ही मुख्य संचालिका सिमोन यंग स्वतः करणार होत्या.

आधी वारांचा हिशेब उरकून घेऊ, कारण आपल्याला तो टळत नाही. वर्गणी म्हणजे वर्षभराच्या ठराविक मैफली एकदम घेणे. खुर्ची तीच, वारही तोच. शुक्रवार रात्रीची मालिका शब्बाथ पाळणाऱ्याला नाही. शनिवार रात्रीची अर्धी आहे: जून-जुलैत सिडनीला शब्बाथ सहाच्या आत सुटतो, तेव्हा घर फार दूर नसेल तर हवदाला करून निघता येते, डिसेंबर-जानेवारीत नऊ वाजत येतात, तेव्हा तो नाद सोडावा. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून आपल्या वाडवडिलांना कोकणात शनवार तेली हे नाव पडले. घाणा गेला, पण नाव सांभाळायचे तर तिकिटाचाही वार पाहावा लागतो. गुरुवारच्या दुपारच्या मैफली आपल्या वयाला सर्वांत सोयीच्या. शुक्रवारी सकाळी अकराची 'टी अँड सिम्फनी' ही तासाभराची मैफल तर आपल्यासाठीच काढली असावी असे वाटते: चहा होतो, संगीत होते आणि मेणबत्त्यांच्या पुष्कळ आधी माणूस घरी. तक्रार एवढीच की तासाभरात मोठी कृती मावत नाही. त्यामुळे वर्षातले खरे मोठे काम बहुधा रात्रीच्याच वाट्याला जाते.

ज्यांनी सभागृह बरीच वर्षे पाहिलेले नाही त्यांना सांगावयास हवे की 2020 ते 2022 या काळात त्याचे मोठे काम झाले. व्यासपीठावर नव्या पाकळ्यांसारख्या ध्वनिफळ्या टांगल्या आहेत, आणि लिफ्ट व नवा मार्ग झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवाल्यांनाही वरच्या मजल्यांवर जाता येते. बाहेरच्या मोठ्या पायऱ्या चढण्याची गरज नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या पायऱ्यांवर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर 'आता तिकडे पाऊल टाकवत नाही' असे म्हणणारी घरे आहेत. आम्ही कोणास आग्रह करणार नाही. पण मार्चचा कार्यक्रम पाहता आम्हांला जावेसे वाटले, आणि का ते सांगतो.

'गुरेलीडर' या नावावरून गुरांची आठवण होईल, पण गुरे हा डेन्मार्कमधला एक किल्ला आहे. 'गुरेलीडर' म्हणजे गुरेची गाणी. वाल्देमार राजा आणि त्याची प्रेयसी टोव्हे यांची कथा आहे. मत्सराने पेटलेली राणी टोव्हेला मारवते. राजा देवाशी भांडतो. आपला ईयोब जसा भांडला तसे नव्हे. ईयोब न्याय मागतो, हा राजा देवालाच जुलमी म्हणतो. शिक्षा म्हणून मेल्यानंतर तो आणि त्याचे मृत सैनिक रात्रभर घोड्यांवरून रानोमाळ भटकतात, आणि शेवटी सूर्य उगवतो. कथा एवढीच. पण शोनबर्गने तिच्यासाठी जो पसारा मांडला आहे तो डोळ्यांनी पाहावा असा आहे: आठ बासऱ्या, दहा हॉर्न, सात ट्रॉम्बोन, चार हार्प, पुरुषांचे तीन गायकवृंद आणि त्यांवर आणखी एक आठ पदरी मिश्र गायकवृंद. तालवाद्यांत लोखंडी साखळदंडसुद्धा आहेत. एवढी माणसे जमवण्याचा खर्च पाहता कोणताही वाद्यवृंद हे काम वारंवार काढत नाही. शोनबर्गच्या जन्माला 2024 मध्ये 150 वर्षे झाली, त्या निमित्ताने हा योग आला.

ज्येष्ठ वाचकांपैकी पुष्कळांनी 'शोनबर्ग' हे नाव ऐकून मान हलवली असेल. बेसूर, डोके दुखवणारा, अशी त्याची ख्याती आहे. ती त्याच्या पुढच्या रचनांवरून पडली. 'गुरेलीडर' त्याने विशी-पंचविशीत, 1900-01 मध्ये बहुतांशी रचले. वाद्यांची मांडणी पुरी व्हायला मात्र 1911 उजाडले. तोवर त्याची स्वतःची वाट बदलली होती. व्हिएन्नात 1913 साली पहिला प्रयोग झाला तेव्हा श्रोते वेडे झाले, आणि शोनबर्गने वादकांना वाकून नमस्कार केला पण श्रोत्यांकडे पाठच ठेवली. इतकी वर्षे हेटाळणी करणाऱ्यांची टाळी त्याला नको होती. शिक्षक म्हणून आम्हांला हा स्वभाव पटत नाही, पण समजतो.

आपल्या लोकांना या कृतीतला एक भाग परका वाटणार नाही. पहिल्या भागाच्या शेवटी टोव्हेच्या मृत्यूची बातमी राजाच्या तोंडून येत नाही; ती रानकबुतर येऊन सांगते. रंगमंचावर खून होत नाही, बातमी गायली जाते. तिसऱ्या भागात एक निवेदक उभा राहतो. तो गात नाही आणि नुसता बोलतही नाही. शब्द सुराच्या कडेकडेने नेतो. हा प्रकार ऐकून युरोपातले टीकाकार चकित झाले होते. ज्याने लहानपणी आपल्या मशिदीत वा मांडवात कीर्तन ऐकले आहे, त्याला चकित व्हायचे कारण नाही. अब्राहामाचे वा योसेफाचे आख्यान लावताना आपला कीर्तनकार हेच करी: साकी-दिंडी संपली की तिच्या सुराची ऊब अजून जिभेवर असतानाच तो निरूपणात उतरे, आणि कोठे गाणे संपले व कोठे बोलणे सुरू झाले हे कळत नसे.

आता नोव्हेंबर. वाग्नरची 'रिंग' ही चार संगीतनाटकांची माळ सिमोन यंग यांनी दर नोव्हेंबरात एक याप्रमाणे चार वर्षांत ऐकवायला घेतली. 2023 मध्ये 'दास राइनगोल्ड' झाले, 2024 मध्ये 'वाल्क्यूरे'. वेशभूषा-देखावे नाहीत, वाद्यवृंद व्यासपीठावर. संगीताच्या दृष्टीने हा निर्णय उत्तम आहे. ऑपेरा हाउसच्या मोठ्या सभागृहात ऑपेरा व्हावा असे मुळात ठरले होते. साठीच्या दशकात ते फक्त मैफलींसाठी ठेवण्याचे ठरले आणि ऑपेरा धाकट्या रंगमंदिरात गेला, जेथील वादकांच्या खड्ड्यात वाग्नरचा वाद्यवृंद धड मावत नाही. तेव्हा सिडनीत वाग्नर पुरा ऐकायचा तर तो असाच. सिमोन यंग सिडनीच्याच. हॅम्बुर्गच्या ऑपेराची धुरा त्यांनी दहा वर्षे वाहिली आणि जर्मन संगीतात त्या मुरलेल्या आहेत. काम चांगले होणार याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

अडचण दुसरी आहे. 'आपण कोकणातले. आपल्याला ना वाग्नरने छळले ना त्याच्या भक्तांनी. युरोपातल्या ज्यूंचे दुःख मोठे, पण ते आपण उसने का घ्यावे?' असे आपल्यातले काही जाणते म्हणतात. हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर देण्यापूर्वी वाग्नरने नेमके काय लिहिले ते पाहिले पाहिजे. 1850 साली त्याने टोपणनावाने 'संगीतातील ज्यूपणा' असा लेख लिहिला, आणि 1869 साली तोच स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. म्हणजे तारुण्यातला राग म्हणून सोडून देण्याची सोय त्यानेच ठेवली नाही. नाव न घेता मायरबेअरवर आणि उघडपणे मेंडेल्सोनवर त्याचा रोख होता. यांपैकी मायरबेअरने तर त्याला पडत्या काळात मदत केली होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्यू ज्या देशात राहतो त्या देशाची भाषा तो परक्यासारखीच बोलतो, ती त्याची मातृभाषा कधी होत नाही, आणि ज्याला भाषा नाही त्याला गाणेही नाही, तो फक्त नक्कल करू शकतो.

वाचकहो, हा आरोप एकट्या मेंडेल्सोनवर नाही. तो नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांवरही आहे. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे जी माणसे तेल गाळताना, दळताना, मलिद्याचे ताट भरताना मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत विचारही करीत नव्हती, त्यांच्यावर आहे. शोनबर्ग जन्मला त्याच 1874 साली पुण्यात आपला सचित्र हगादा मराठी-हिब्रूत छापला गेला. 1880 च्या सुमारास आपल्या लोकांनी कीर्तने रचायला घेतली, तीही उसन्या भाषेत नव्हेत. आपल्या बायकांच्या वह्यांत मोशेची पदे नाटकी पदांच्या चालींवर लिहिलेली आहेत, आणि त्यात नक्कल कोठे आणि आपले कोठे हे शोधायला बसणाऱ्याला आमचा नमस्कार. वाग्नरला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने सिद्धांत मांडला तो सर्व ज्यूंविषयी, आणि सर्वांत आपण येतो.

दुसरे उदाहरण तर प्रत्येकाच्या कानात आहे. आकाशवाणीची सकाळची धून, जिच्यावर आपण दात घासले आणि शाळेला निघालो, ती रचली वॉल्टर कॉफमान या कार्ल्सबादच्या ज्यू संगीतकाराने. हिटलरच्या छायेतून निघून तो 1934 साली मुंबईस आला आणि रेडिओत लागला. धून शिवरंजनीच्या वळणाची आहे. तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सांगतात. परक्याची म्हणून ती कोणालाही कधी खटकली नाही. इकडे सिडनीतही असेच घडले. व्हिएन्नात वाढलेला व्हायोलावादक रिचर्ड गोल्डनर 1939 साली येथे आला, तेव्हा वादकांच्या युनियनच्या नियमांमुळे त्याला वाद्यवृंदात काम मिळेना. त्याने दागिने केले, लष्करासाठी झिप शोधून काढली, आणि त्या पैशातून 1945 साली 'म्युझिका व्हिवा' उभी केली. तिची प्रेरणा त्याचे गुरू सायमन पुलमान. वॉर्साच्या गेटोत वाद्यवृंद चालवणाऱ्या त्या माणसाला ट्रेब्लिंकात मारण्यात आले.

इस्राएलात वाग्नर न वाजवण्याचा रिवाज 1938 च्या नोव्हेंबरपासूनचा आहे. कायदा नाही, रिवाजच. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता यांनी 1981 साली तेल अवीवला मैफल संपल्यावर, ज्यांना जायचे त्यांनी जावे असे सांगून, 'ट्रिस्टान'मधला तुकडा सुरू केला. तेव्हा छावणीतून वाचलेला एक द्वारपाल पुढे आला आणि त्याने अंगावरचे व्रण दाखवले. मेहतांनी इस्राएल फिलहार्मोनिकबरोबर पुढे आणखी 38 वर्षे काढली, पण रिवाज राहिला.

सिडनीच्या वाद्यवृंदाने वाग्नर वाजवू नये असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आम्हांला हक्कही नाही. 'गुरेलीडर' ऐकताना तुम्हांला दिसेलच की शोनबर्गने वाग्नरकडून किती घेतले. पहिला भाग तर जवळजवळ त्याच्याच घरात बसून लिहिलेला आहे. आमची अपेक्षा दोनच होती. नोव्हेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या लेखाचा उल्लेख साध्या शब्दांत यावा, कोपऱ्यात बारीक टायपात नको. आणि कार्यक्रम ठरवणे आमच्या हाती असते तर 'वाल्क्यूरे'च्या आधीच्या महिन्यात शोनबर्गचेच 'ए सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा' ठेवले असते. अवघी सात मिनिटे लागतात. 1933 मध्ये नोकरीवरून काढलेला, त्याच वर्षी पॅरिसला यहुदी धर्मात परतलेला हा माणूस 1947 साली ते लिहितो, आणि शेवटी पुरुषांचा गायकवृंद हिब्रूत 'शेमा यिस्राएल' गातो.

नोव्हेंबरची खुर्ची आम्ही घेतली नाही. युद्धानंतर वाचलेले लोक या देशात मोठ्या संख्येने आले. त्यांतले काही अजून आहेत, नव्वदीच्या पुढचे, आणि आपल्याच बाकावर तेफिलेला बसतात. ते आहेत तोवर आम्ही थांबू. आपल्यातले जे जातील त्यांच्याशी आमचा वाद नाही; त्यांनी लेख वाचून जावे, एवढेच.

'गुरेलीडर' ऐकायला जाणाऱ्याने मात्र एवढे पाहावे. पुढच्या ओळी टाळाव्यात, दहा हॉर्न आणि साखळदंड कानांवर येतील. मधल्या ओळी बऱ्या. कृती पावणेदोन तासांच्या घरात जाते, तेव्हा औषधे आणि शाल जवळ असू द्यावी. नातवंडांकडून रानकबुतराचे गाणे आधी एकदा फोनवर लावून घ्यावे. ते सुमारे बारा मिनिटांचे आहे आणि जर्मन न येताही कळते.