शास्त्रीय ग्रंथांतील मांडणीची शिस्त

शास्त्रीय ग्रंथाच्या परीक्षणांत विषयाची चर्चा पुष्कळ होते. मांडणी ही केवळ बाह्य शोभा, अशा समजुतीनें तिच्याकडे मात्र कोणी वळत नाहीं. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ति उघडून पाहावी. प्रथम देवनागरी शब्द, नाम असल्यास पुढें लिंगदर्शक अक्षर, मग अर्थ, हा क्रम ठरलेला. एक नोंद वाचावयास शिकला तो सारा कोश वाचूं शकतो.

आजच्या कित्येक मराठी शास्त्रीय पुस्तकांत हीच शिस्त ढिली दिसते. एका पृष्ठावर देवनागरी अंक, दुसऱ्यावर इंग्रजी. आणि देवनागरी एक व इंग्रजी नऊ यांचें रूप तर जवळजवळ सारखें! पाव ही संख्या कोठें ०·२५, कोठें नुसती ·२५. टिंब पुसट उमटलें, कीं पावाचे पंचवीस झाले. आधीं शून्य असतें तर वाचक निदान थबकला असता. कादंबरींतील मुद्रणदोष आपण हंसून सोडतों. औषधाच्या मात्रेंतील दोषाची किंमत रोगी देतो. तेव्हां अशा ग्रंथाचें परीक्षण त्यांतील अंकांपासूनच सुरू व्हावें, एवढीच परीक्षकांस विनंति.