संगणकीय खेळांचे व्यासपीठ म्हणून लिनक्स : भाषांतराचे यश आणि त्याची मर्यादा

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सने सर्व्हर, महासंगणक आणि अँड्रॉइडच्या रूपाने मोबाइल अशी अनेक क्षेत्रे व्यापली. संगणकीय खेळांच्या क्षेत्रात मात्र ती दीर्घकाळ उपरीच राहिली. खेळांची विक्री करणाऱ्या 'स्टीम' या सेवेच्या पाहणीत ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा वाटा प्रथमच तीन टक्क्यांपुढे गेला. त्यावरून लिनक्स मुख्य प्रवाहात आल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीचा मार्ग सरळ होता : प्रत्येक खेळ लिनक्ससाठी नव्याने सिद्ध करावयाचा. १९९८ मध्ये स्थापन झालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी याच मार्गाने गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. (तिच्या काळात वाढलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकून राहिली.) स्टीमची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये लिनक्सवर स्टीम आणले, २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' बाजारात आले, तेही रुजले नाही. खेळ नाहीत म्हणून खेळाडू नाहीत आणि खेळाडू नाहीत म्हणून खेळ नाहीत, हे चक्र भेदले गेले नाही.

ते भेदले २०१८ मधील 'प्रोटॉन'ने. प्रोटॉनचा पाया असलेला 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासूनचा. विंडोजसाठी लिहिलेला खेळ विंडोजकडे ज्या मागण्या करतो, त्या वाइन लिनक्सला समजतील अशा स्वरूपात पोहोचवितो. डायरेक्टएक्सच्या भाषेतील चित्रणाच्या आज्ञा डीएक्सव्हीकेसारखे घटक व्हल्कनच्या भाषेत आणतात. हा दुभाष्या इतका तरबेज निघाला की, असंख्य खेळांच्या निर्मात्यांना लिनक्ससाठी एक ओळही लिहावी लागली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळावयाचे यंत्र घेणाऱ्या अनेकांना आपण लिनक्स वापरीत आहोत याची जाणीवही नसावी. प्रसाराच्या दृष्टीने याहून मोठे यश ते कोणते?

तथापि हे यश उसने आहे. निर्माता विंडोजसाठीच लिहितो. लिनक्सशी त्याचे कोणतेही नाते जडत नाही. याचे परिणाम ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांत स्पष्ट दिसतात. लबाडी रोखणाऱ्या काही आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरून पहारा करतात. 'व्हॅलोरंट'ची व्हँगार्ड ही अशीच. ईझी अँटी-चीट व बॅटलआय यांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली. परंतु ती उघडावयाची की नाही, हे निर्मात्याच्या मर्जीवर सोडले. 'एपेक्स लेजंड्स'च्या निर्मात्यांनी लबाडीचे कारण देऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलेली वाट पुन्हा बंद केली. येथे दुभाष्या निरुपाय ठरतो. आज्ञांचे भाषांतर होते, विश्वासाचे होत नाही. ज्या प्रणालीचा गाभा वापरणारा स्वतः बदलू शकतो, तिच्यावर पहारेकऱ्याने भरवसा कसा ठेवावा, हा आक्षेप निव्वळ आकसाचा म्हणता येत नाही; तो लिनक्सच्या मूळ स्वभावावरच बोट ठेवतो.

लबाडीची तपासणी अधिकाधिक सर्व्हरवर नेणे हा एक उपाय आहे, पण तो खर्चिक व अपुरा आहे. दुसरा उपाय म्हणजे प्रमाणित, कुलूपबंद कर्नल. एकाच कंपनीने घडविलेल्या स्टीम डेकसारख्या यंत्रावर तो शक्य कोटीतला आहे. स्वतःचे कर्नल स्वतः बांधणाऱ्याच्या संगणकावर नाही.