जिन्यातल्या लाद्या

दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांतून हिंडताना नजर जाते ती इमारतींच्या गोलाकार सज्ज्यांवर. जिना चढताना पायाखाली कोणी पाहत नाही. आम्हीही अनेक वर्षे पाहिले नव्हते. १९३० ते १९६० च्या दरम्यान बांधलेल्या या तीन-चार मजली घरांतले उत्तम चित्रकाम जमिनीवर आहे, असे आमचे आता मत झाले आहे.

प्रवेशापाशी बहुधा सिमेंटच्या रंगीत लाद्या असतात. एकटी लादी पाहिली तर तिच्यावर फक्त पाव वर्तुळ दिसते. अशा चार लाद्या ९०-९० अंशांत फिरवून जोडल्या की वर्तुळ पुरे होते. सोळा जोडल्या की चार वर्तुळांच्या मधल्या जागेत चार टोकांची चांदणी उमटते. ती कोणत्याच लादीवर काढलेली नसते! साचा एक, आकृत्या दोन. कमी साधनांत इतके साधणाऱ्या कारागिराला भूमिती चांगली कळत होती, यात शंका नाही.

घडणही पाहण्यासारखी. पितळी पट्ट्यांच्या चौकटीतल्या कप्प्यांत पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंगद्रव्य यांचे पातळ मिश्रण ओततात, चौकट अलगद उचलतात, मागे सिमेंट-वाळूचा थर देतात आणि यंत्राखाली दाबतात. भट्टी लागत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत टाइल्सने अशा लाद्या केल्या. रंग पृष्ठावर फासलेला नसतो, तो काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून हजारो पावले झिजवतात, तरी नक्षी टिकते. लाल-पिवळे रंग लोहाच्या ऑक्साइडांचे, तेही सहसा विटत नाहीत.

सगळेच काम सारखे सरस नाही. काही ठिकाणी कोपऱ्यावर किनार जुळलेली नाही, काही ठिकाणी रंग भडक आहेत. गच्चीवरच्या चायना मोझॅकला मात्र आम्ही पुरे गुण देऊ. सपाट लादी कठड्याच्या गोलाईवर बसत नाही, तिचे तुकडे बसतात. शिवाय पांढरी झिलई ऊन परतवते.

ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. या गल्ल्या त्यात नाहीत, आणि इथे एकामागून एक इमारत पुनर्विकासासाठी पाडली जात आहे. रहिवाशांना दोष देता येत नाही; स्लॅब गळतो, लिफ्ट नाही. पण नव्या जिन्यात येते ती संगमरवराच्या शिरा छापलेली चकचकीत फरशी. नीट पाहा, तीच शीर काही लाद्यांनंतर पुन्हा येते. जुनी लादी सिमेंटच होती आणि सिमेंटच दिसत होती. जिथे ती उरली आहे तिथे सफाईसाठी अ‍ॅसिड ओततात. फेस येतो, मळ निघाल्याचे समाधान होते. प्रत्यक्षात संगमरवरातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असते. साबणाचे पाणी पुरते.

पाडलेल्या एका इमारतीच्या राडारोड्यातून आम्ही अर्धी लादी उचलून आणली. तुटलेल्या कडेवर करड्या थरावरचा लाल थर पट्टीने मोजता येतो. वर्गात ती हातोहात फिरते. मुले आधी तिच्या वजनाबद्दल बोलतात, मग उरलेला कंस कागदावर गिरवून वर्तुळ पुरे करू लागतात.