माळव्यातली बंदूक : दस्ता काचेआड, हात फरार

धारच्या लाट मशिदीशेजारी एका लोखंडी खांबाचे तीन तुकडे ठेवले आहेत. मशीद १४०५ची, खांब तिच्याहून जुना. तुकड्यांची एकूण लांबी १३ मीटरहून अधिक, वजन सात टनांच्या घरात. आणि हे सगळे ओतीव नाही, घडीव आहे. तापवलेल्या लोखंडाचे गोळे घणाखाली एकमेकांत जिरवत हा खांब उभा केला. माळव्यातल्या बंदूक-कारागिरीची चर्चा इथूनच सुरू करावी. जुन्या तोड्याच्या बंदुकीची उत्तम नळीही याच विद्येतून आली. लोखंडाची पट्टी पीळ देत गुंडाळायची आणि ठोकून तिचे सांधे एकजीव करायचे. चांगल्या नळीवर हा पीळ पाण्यावरच्या लहरींसारखा दिसतो.

नळीइतकीच कसोटी लाकडाची. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असतो. युरोपी बंदुकीसारखा तो खांद्याकडे रुंदावत खाली झुकत नाही. नळी त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या बंदांनी बांधलेली. जळती जामगी, म्हणजे वात, रंजकाच्या दारूवर टेकवणारी यंत्रणा दस्त्याच्या पोटात दडलेली असते, म्हणजे सुताराला आतून पोकळ आणि बाहेरून मजबूत असे लाकूड साधावे लागे. जगभरचे बंदूककार यासाठी एक साधी युक्ती वापरत आले आहेत. धातूच्या भागाला काजळी फासायची, तो लाकडात दाबायचा, काळा डाग उमटेल तेवढाच छिलका पटाशीने काढायचा आणि पुन्हा दाबायचे. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच चालू. हे चिकाटीचे काम बिघडले तर नळी कितीही चांगली असो, बंदूक खिळखिळीच.

अठराव्या शतकात पवार घराण्याच्या शाखा धार आणि देवासला स्थिरावल्या. देवासात तर एकाच गावात दोन गाद्या आणि दोन दरबार. बदल मात्र शेजारून आला. जवळच्याच उज्जैनवर सत्ता असलेल्या महादजी शिंद्यांनी आपला युरोपी सेनानी द बॉयन याच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला कारखाना काढला. तिथे सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर युरोपी धर्तीच्या बंदुका दहा रुपयांना एक अशा पाडत असे. माल चांगला होता. पण हाताने एकेक दस्ता कोरणाऱ्याची किंमत घसरायला इथूनच सुरुवात झाली, असे म्हणावे लागेल. इंग्रजांना दोष देण्याची सवय आपल्याला फार. इथे पहिला घाव आपल्याच फौजेच्या गरजेने घातला. पुढे संस्थानिकांनी शिकारीच्या रायफली थेट इंग्लंडहून मागवल्या आणि घरच्या कारागिराकडे उरली ती डागडुजी.

आज हाताने बनवलेली लाकडी दस्त्याची रायफल देवासात शोधू नये. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बनवायला परवाना लागतो आणि तो हौशी कारागिरासाठी नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल लाकडी दस्त्याची खरी, पण ती कारखान्याचीच. बिहारमधल्या मुंगेरला बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६२च्या सुमारास उभारलेल्या शस्त्रशाळेचा वारसा सांगणारे परवानाधारक कारागीर अजून आहेत. त्यांनाही गिऱ्हाईक कमी.

खुद्द धार जिल्ह्यातला हात मात्र जिवंत आहे, आणि अडचण तिथेच आहे. मनावरजवळचे सिंघाना, शेजारच्या बडवानी जिल्ह्यातली उमर्टी ही नावे महाराष्ट्रातल्या वाचकाला पोलिसांच्या बातम्यांतून ठाऊक असतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या काही घरांत आज चोरून पिस्तुले घडवली जातात. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. या धंद्याचे उदात्तीकरण करायचे कारण नाही. त्या पिस्तुलांनी माणसे मरतात. पण कलेच्या नजरेनेही हा माल निकृष्ट. परदेशी नमुन्याची नक्कल, त्यावर खोटा छाप, आणि लाकडाचा विचार शून्य. काही गुन्हेगारांपायी सगळ्या समाजावर शिक्का बसतो, तो वेगळा अन्याय.

हातकामाची नोंद तरी नीट ठेवता येते. अमेरिकेत विल्यम्सबर्गला १९६९मध्ये वॉलेस गसलर या कारागिराने लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून पूर्ण रायफल हाताने घडवली आणि त्यावर चित्रपट झाला. नळी जोडण्यापासून दस्ता कोरण्यापर्यंत प्रत्येक पायरी त्यात दिसते. तिथले बंदूक-कायदे आपण घ्यावेत असे कोणी म्हणणार नाही. त्यांची नोंद ठेवण्याची शिस्त मात्र घेता येईल. आपल्या बहुतेक संग्रहालयांत तोडेदार बंदुकीखाली ‘बंदूक, अठरावे शतक’ एवढीच पाटी असते. लाकूड कोणते, नळी पिळाची की सरळ सांध्याची, वजन किती, यांतले काहीही नाही. निकामी, पुराणवस्तू ठरलेल्या हत्यारांना १९५९च्या कायद्याने सूट दिलेली आहे. तेव्हा त्यांची मापे घ्यायला, क्ष-किरणांनी नळीचे सांधे तपासायला आणि एखाद्या देवासच्या सुताराकडून नुसता दस्ता कोरून घेऊन तो काचेशेजारी ठेवायला अडचण कायद्याची नाही, आस्थेची आहे.