द्रौपदीचं जांभूळ

लग्नानंतर गोंधळ घालायचा, नव्या नवरीनं पतिव्रतांच्या कथा ऐकायच्या, ही थोरामोठ्यांची अपेक्षा. आणि परभणीचे गोंधळी राजाराम कदम सांगत काय, तर जांभूळ आख्यान! पाच नवरे असून द्रौपदीचं मन कर्णावर गेलं. तिनं कबूल केलं तेव्हाच तोडलेलं जांभूळ झाडाला चिकटलं. महाभारतात शोधू नका, व्यासांच्या हातून ते सुटलंय.

हे आख्यान रंगमंचावर गाजवलं विठ्ठल उमपांनी. १९८३ साली आयर्लंडात, कॉर्कच्या लोकसंगीत महोत्सवात गाऊन आलेला हा शाहीर. त्यांची द्रौपदी चोख, शंकाच नको. पण तिकीट काढून बसलेले आपण टाळ्या वाजवून मोकळे. अंगणात मात्र नवरीशेजारी सासू बसलेली. आधी हसायचं कुणी?